देवास गेटचा प्रश्न दिल्लीत विचारला तर

‘आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाही. खासदारांनी दिल्लीत आरोग्यमंत्र्यांना विचारलं, तर येईल का?’ हा प्रश्न भाबडा वाटतो, पण तो विचारणारी माणसं कमी नाहीत. टीव्हीवर अधिवेशन चालू असतं, मंत्री उभे राहून आकडे वाचत असतात आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढं सगळं यांना माहीत आहे तर आपल्या गावचं का माहीत नाही? उत्तर मिळाल्यावर पुढे काय होतं? मुळात ते उत्तर लिहितं कोण? या प्रकरणात त्या उत्तराच्या मागे मागे जायचं आहे, आणि सुरुवात करायची आहे दिल्लीपासून बरीच लांब.

1. आधी दवाखान्यांचा हिशेब

उज्जैनचं देवास गेट म्हणजे रेल्वे स्टेशनजवळचा बसस्टँड, लॉज, पोहे-कचोरीच्या गाड्या आणि दिवसभर चालणारी कंडक्टरांची हाकाटी. महाकालाच्या दर्शनाला आलेले लोक इथे उतरतात, तसेच जिल्ह्याच्या गावांतून आलेले रुग्णही. एका हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, दुसऱ्या हातात घडी घालून घालून फाटायला आलेला परचा. इकडे केसपेपरला परचा म्हणतात. या माणसाने इथवर यावं लागू नये, म्हणूनच तर गावोगावच्या सरकारी दवाखान्यांची व्यवस्था आखलेली आहे.

त्या व्यवस्थेची कल्पना जुनी आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 मध्ये अहवाल दिला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. 1952 पासून सामुदायिक विकास कार्यक्रमात अशी केंद्रं उघडू लागली. आजचा ढोबळ नियम असा: सपाट प्रदेशात 5,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, 30,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1,20,000 ला एक सामुदायिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी हे आकडे 3,000, 20,000 आणि 80,000. सामुदायिक केंद्र म्हणजे साधारणपणे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. तिथे 30 खाटा आणि चार तज्ज्ञ डॉक्टर असावेत अशी अपेक्षा आहे: शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ.

हा नियम उज्जैनला लावून पाहू. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 19 लाख 86 हजार 864 होती. त्यातले सुमारे 12 लाख लोक खेड्यांत राहत होते. 12 लाखांना 5,000 ने भागलं की 240 उपकेंद्रं, 30,000 ने भागलं की 40 प्राथमिक केंद्रं, 1,20,000 ने भागलं की 10 सामुदायिक केंद्रं. दहा केंद्रांत प्रत्येकी चार, म्हणजे 40 तज्ज्ञ. घट्टिया, तराणा, बडनगर, खाचरोद आणि 1817 च्या लढाईमुळे मराठी वाचकाच्या ओळखीचं महिदपूर, या सगळ्या तालुक्यांच्या खेड्यांना मिळून एवढे तज्ज्ञ असायला हवेत. तेही 2011 च्या लोकसंख्येनुसार.

प्रत्यक्षात काय असतं? 2021-22 च्या ‘ग्रामीण आरोग्य सांख्यिकी’नुसार देशभरातल्या सामुदायिक केंद्रांत गरजेच्या तुलनेत सुमारे 80 टक्के तज्ज्ञांचा तुटवडा होता. ही देशाची सरासरी जशीच्या तशी इथे लावली, तर 40 पैकी आठच जण जागेवर सापडतील. उज्जैनचा खरा आकडा याहून बरा किंवा वाईट असू शकतो. तो काढायचा तर विचारावं लागतं. कुणाला विचारायचं आणि कसं, हा पुढचा भाग.

2. दीडशे शब्दांत काय मावतं

लोकप्रतिनिधीने सरकारला प्रश्न विचारायचा आणि सरकारने उत्तर द्यायचं, ही रीत हिंदुस्थानात 1892 च्या कौन्सिल कायद्याने आली. त्याखालचा पहिला प्रश्न 16 फेब्रुवारी 1893 रोजी अवधमधल्या भिंगाच्या राजांनी विचारला. साहेबलोक दौऱ्यावर निघाले की त्यांच्या लवाजम्याला माल पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांचे हाल होतात, अशी ती तक्रार होती. उत्तर ऐकून गप्प बसायचं, एवढीच तेव्हा मुभा होती. उत्तरावर उपप्रश्न विचारण्याचा हक्क 1909 मध्ये मिळाला, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला.

आजच्या लोकसभेत प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, विषय तिथेच मिटतो. दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात. राज्यसभेत हे आकडे 15 आणि 160. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. तासाभरात तारांकितांपैकी पाच-सहाच प्रश्न प्रत्यक्ष चर्चेला येतात. उरलेल्यांची उत्तरं लेखी समजली जातात. म्हणजे आरोग्यमंत्र्यांना समोरासमोर गाठायचं, तर चिठ्ठीत नशीबही लागतं. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात. आरोग्याचा वार लोकसभेत सहसा शुक्रवार, राज्यसभेत मंगळवार. नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते.

खरी मेख प्रश्नाच्या नियमांत आहे. प्रश्न साधारण 150 शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, कुणावर आरोप नको. नियमावली उपरोधिक शब्दांनाही मनाई करते. मराठी माणसाला ही अट जरा जडच जाईल. मत विचारायचं नाही, फक्त माहिती विचारायची. आणि सगळ्यांत महत्त्वाची अट अशी की, जो विषय मुख्यतः भारत सरकारच्या जबाबदारीचा नाही, त्यावर प्रश्न विचारता येत नाही. ‘तराण्याच्या दवाखान्यात डॉक्टर का नाही?’ हा प्रश्न असा लिहिला, तर सचिवालयातच अडकतो. डॉक्टर नेमणं हे भोपाळचं काम आहे.

कसलेले प्रश्नकर्ते या चौकटीत राहूनच खेळतात. उज्जैनला अशा प्रश्नकर्त्याची परंपरा आहे. जनसंघाचे हुकुमचंद कछवाय 1962 मध्ये देवासमधून, 1967 मध्ये उज्जैनमधून आणि 1977 मध्ये पुन्हा उज्जैनमधून निवडून आले. त्या काळातल्या प्रश्नसूच्या चाळल्या की त्यांचं नाव सतत भेटतं. उज्जैनपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या इंदूरने तर लोकसभेला अध्यक्षच दिल्या. मूळच्या चिपळूणच्या सुमित्रा महाजन 1989 पासून सलग आठ वेळा इंदूरमधून निवडून आल्या आणि 2014 ते 2019 या काळात प्रश्नोत्तराचा तास त्यांच्याच देखरेखीखाली चालत होता. खासदारांना विषयाची तयारी करून मिळावी म्हणून जुलै 2015 मध्ये त्यांनी ‘स्पीकर्स रिसर्च इनिशिएटिव्ह’ सुरू केलं. त्यात तज्ज्ञ येऊन खासदारांना विषय समजावून देत. तयारीशिवाय विचारलेल्या प्रश्नाचं काय होतं, हे आसनावर बसलेल्या माणसाला सगळ्यांत आधी दिसत असणार.

प्रश्न विचारण्याच्या हक्काचा बाजारही मांडला गेला आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर 2005 मध्ये दोन्ही सभागृहांतून मिळून 11 खासदारांना बडतर्फ करण्यात आलं, आणि त्यांत महाराष्ट्रातलेही होते.

3. उत्तर लिहितं कोण

प्रश्न स्वीकारला गेला की तो छापला जातो. सुरुवात ठरलेली असते: ‘क्या स्वास्थ्य और परिवार कल्याण मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि’. खाली (क), (ख), (ग), (घ) असे तुकडे. तो आरोग्य मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे जातो आणि तिथल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पडतो. माहिती त्याच्याकडे असेल तर ठीक. नसेल तर राज्यांना ईमेल जातो, वर ‘संसदीय प्रश्न, तातडीचे’ असा शेरा मारून. भोपाळचं आरोग्य संचालनालय तो जिल्ह्यांना पाठवतं. जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याला, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘सीएमएचओ’ला, दोन दिवसांत तक्ता भरून हवा असतो. तो तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएमओला, फोन करतो. बीएमओ उपकेंद्रातल्या परिचारिकेला, म्हणजे एएनएमला, विचारतो आणि ती आपलं रजिस्टर उघडते.

मग हीच वाट उलट दिशेने सुरू होते. रजिस्टरमधला आकडा तालुक्याच्या तक्त्यात, तिथून जिल्ह्याच्या, तिथून राज्याच्या, आणि शेवटी ‘विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे’ या वाक्याखालच्या जोडपत्रात. आता बरीचशी माहिती 2008 पासून चालणाऱ्या एचएमआयएस या संगणकीय प्रणालीत दरमहा भरलेली असते, त्यामुळे दरवेळी फोनाफोनी करावी लागत नाही. पण तिथेही भरायचे रकाने आधीच ठरलेले आहेत.

तारांकित प्रश्न असेल, तर मंत्र्यांसाठी आणखी एक जाड टिपण तयार होतं. कुठला उपप्रश्न येऊ शकतो, त्याला काय सांगायचं, गेल्या पाच वर्षांत याच विषयावर काय काय सांगितलं होतं, हे सगळं त्यात असतं. सभागृहात मंत्री पानं उलटताना दिसतात, ती ही पानं. अनुभवी मंत्री ते आदल्या रात्री वाचून येतात. न वाचलेले चटकन ओळखू येतात: उपप्रश्न बालरोगतज्ज्ञांचा असतो आणि उत्तर आयुष्मान कार्डांचं मिळतं.

लक्षात ठेवायचं ते एवढंच, की रजिस्टरात जो रकानाच नाही, त्याचं उत्तर मंत्र्यांच्या हातातल्या कागदावर येऊ शकत नाही. कितीही मोठा आवाज केला तरी.

4. ‘आरोग्य हा राज्याचा विषय आहे’

आरोग्यावरच्या सरकारी उत्तरांत हे वाक्य इतक्या वेळा येतं की ऐकणारा वैतागतो. हात झटकण्यासाठी ते वापरलं जातं हे खरं, पण ते खोटं नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीतली सहावी नोंद आहे सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने यांची. समवर्ती सूचीत, म्हणजे जिथे केंद्र आणि राज्य दोघांचं चालतं तिथे, औषधं आणि विषं, वैद्यकीय व्यवसाय, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे साथीचे रोग, जन्ममृत्यूची नोंदणी आणि 1976 पासून कुटुंबनियोजन हे विषय आहेत.

पैशाची वाटणी मात्र वेगळ्या रेषेवर होते. 12 एप्रिल 2005 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या, खाटा वाढल्या, कंत्राटी डॉक्टर आले. त्याचंच पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियान झालं आणि आता बहुतेक राज्यांत त्याचा खर्च केंद्र 60 टक्के, राज्य 40 टक्के असा वाटून घेतं. एकत्र कुटुंबातला थोरला भाऊ शहरातून घरखर्चाला पैसे पाठवतो. घरात दूध का नाही असं कुणी विचारलं तर म्हणतो, स्वयंपाकघर धाकट्याच्या बायकोकडे आहे. पण ‘मी दुधासाठी किती पाठवले’ याची वही त्याच्याकडेच असते. दिल्लीत प्रश्न विचारायचा तो या वहीबद्दल. स्वयंपाकघराबद्दल विचारायचं तर भोपाळच्या 230 आमदारांच्या विधानसभेत, किंवा आपल्याकडे मुंबई-नागपूरला. आपल्या विधिमंडळात त्यासाठी तारांकित प्रश्न आहेत आणि लक्षवेधी सूचनाही.

कधी कधी ही वाटणी जिवावर बेतते. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावणामुळे वीसहून अधिक बालकं दगावली. ते औषध बनलं होतं तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात. कारखान्याचा परवाना आणि तपासणी ही तामिळनाडूच्या औषध प्रशासनाची. मुलं आजारी पडली मध्य प्रदेशात. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर त्यांतल्या अनेकांना आणलं ते नागपूरला, महाराष्ट्रात. एक बाटली, तीन राज्यं. इथे ‘राज्याचा विषय’ म्हणायचं, तर कोणत्या राज्याचा? औषधं समवर्ती सूचीत असल्यामुळे हा प्रश्न दिल्लीला टाळता येत नाही.

आणखी एक गुंता. बालमृत्यूचे अधिकृत आकडे आरोग्य खातं गोळा करत नाही. ते गृहखात्याच्या अखत्यारीतल्या महानिबंधकांच्या ‘नमुना नोंदणी’तून येतात. 2020 च्या त्या आकड्यांनुसार हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालकं मध्य प्रदेशात 43 होती, देशात 28, महाराष्ट्रात 16 आणि केरळात 6. आरोग्यमंत्री हे आकडे सांगतात खरे, पण ते मोजणारं खातं दुसरं आणि ते कमी करायला ज्यांनी राबायचं ती माणसं तिसऱ्याच सरकारची.

5. प्राणवायूचं उत्तर

आता ज्या उत्तरावर देश चिडला, ते बारकाईने पाहू. त्यात आतापर्यंतचं सगळं एकत्र येतं.

7 जुलै 2021 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळात फेरबदल झाला. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार, स्वतः डॉक्टर असलेल्या भारती पवार आरोग्य राज्यमंत्री झाल्या. तेराव्या दिवशी, मंगळवार 20 जुलैला, राज्यसभेत खासदार के. सी. वेणुगोपाल यांच्या प्रश्नाला त्यांचं लेखी उत्तर आलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूच्या तीव्र टंचाईमुळे मोठ्या संख्येने रुग्ण रस्त्यांवर आणि रुग्णालयांत दगावले का, अशा आशयाचा प्रश्न होता. उत्तराचा गोषवारा असा: आरोग्य हा राज्याचा विषय आहे, मृत्यूंची नोंद कशी करायची याच्या सूचना राज्यांना दिल्या आहेत, राज्यं त्याप्रमाणे आकडे कळवतात, मात्र प्राणवायूच्या अभावामुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. याच उत्तरात असंही होतं की वैद्यकीय प्राणवायूची मागणी पहिल्या लाटेत दिवसाला 3,095 टनांपर्यंत गेली होती, ती दुसऱ्या लाटेत 9,000 टनांच्या घरात पोहोचली.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांनी त्याचा अर्थ लावला: ‘प्राणवायूअभावी एकही मृत्यू नाही.’ तीन महिन्यांपूर्वी सिलिंडरसाठी रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांना हे वाचून काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तर थेट प्रसंग होते. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, नळ्यांमधला दाब घसरला आणि 22 रुग्ण दगावल्याची त्या दिवशीची नोंद झाली. राज्यमंत्र्यांचाच जिल्हा. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात 11 मे रोजी पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान 26 रुग्ण गेल्याचं खुद्द राज्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी सांगितलं आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. प्राणवायूच्या पुरवठ्यावर तिथे उच्च न्यायालयात सुनावणीही चालू होती.

मग कागदावर शून्य का? मृत्यूचं कारण लिहिण्याचा एक ठरलेला अर्ज आहे. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याखाली रुग्णालयातला डॉक्टर तो भरतो. त्यात आधी तात्कालिक कारण लिहायचं, मग त्यामागचं, मग त्याच्याही मागचं. कोविडच्या रुग्णाच्या अर्जावर साधारण असं दिसतं: श्वसनक्रिया बंद, त्याखाली न्यूमोनिया, त्याखाली कोविड-19. ही सगळी शरीरातली कारणं आहेत. टँकर पोहोचला नाही, दाब उतरला, सिलिंडर संपला, या शरीराबाहेरच्या कारणांना त्या साखळीत घर नाही. शिवाय स्वतःच्या रुग्णालयात प्राणवायू संपला असं स्वतःच्या सहीने लिहून देणारा डॉक्टर विरळाच; उद्या पोलीस त्याच्याच दारात. आणि हा अर्जही सगळ्यांचा भरला जात नाही. 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं.

राज्यांनीही मग तसंच कळवलं. यात पक्षाचा रंग शोधायला जाऊ नये. महाराष्ट्रात तेव्हा केंद्राच्या विरोधकांचं सरकार होतं, तरी आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही राज्यात प्राणवायूअभावी मृत्यू झालेला नाही, असंच म्हटलं. गदारोळानंतर केंद्राने राज्यांकडे वेगळी माहिती मागवली. डिसेंबर 2021 मध्ये आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी लोकसभेत सांगितलं की 19 राज्यांनी उत्तर दिलं आणि फक्त पंजाबने चार संशयित मृत्यू कळवले.

20 जुलैचं ते उत्तर शब्दशः पाहिलं तर चूक काढता येत नाही. ‘मृत्यू झाले नाहीत’ असं त्यात नव्हतंच. ‘कळवलेले नाहीत’ असं होतं. तरी ते अपुरं होतं. कळवण्याची पद्धतच अशी असेल की त्यातून हे मृत्यू दिसणार नाहीत, तर ते सांगणं हेही उत्तराचंच काम होतं. मागणी तिप्पट झाली हा आकडा त्याच उत्तरात आहे, आणि त्या मागणीच्या किती टक्के पुरवठा कोणत्या दिवशी कुठे झाला, हे केंद्राच्या हातातलं होतं. कारण त्या काळात राज्यांना प्राणवायू वाटून देत होतं ते केंद्रच. प्रश्नही तेवढ्याच नेमक्या जागी बोट ठेवणारा असता तर? ‘किती मेले’ असं विचारलं की चेंडू राज्यांकडे टोलवता येतो. ‘15 एप्रिल ते 15 मे या काळात कोणत्या राज्याने रोज किती टन मागितला आणि केंद्राने किती दिला’ असं विचारलं, तर वही थोरल्या भावाचीच.

असाच प्रकार आदल्या वर्षी घडला होता. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला, फक्त लेखी उत्तरं आली. कोविडमध्ये किती डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी दगावले, या प्रश्नाला राज्यमंत्री अश्विनीकुमार चौबे यांचं उत्तर होतं की आरोग्य हा राज्याचा विषय असल्याने अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. इंडियन मेडिकल असोसिएशन यावर खवळली आणि तिने दगावलेल्या 382 डॉक्टरांची यादी जाहीर केली. उपप्रश्न विचारायची सोय असती, तर त्या दिवशीचं चित्र कदाचित वेगळं दिसलं असतं.

6. एकास 834 चं गणित

काही उत्तरं टाळाटाळ करत नाहीत, उलट ठणठणीत आकडा देतात. तिथे जास्त सावध राहावं. 2022 मध्ये आरोग्य मंत्रालयाने संसदेत सांगितलं की देशात दर 834 लोकांमागे एक डॉक्टर आहे. हजारामागे एक, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणून सांगितलं जाणारं प्रमाण, त्याहून हे चांगलं. टाळ्या वाजवायच्या आधी उत्तराचं पुढचं वाक्य वाचायचं. त्यात हिशेब दिलेला होता.

जून 2022 मध्ये नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टर होते 13,08,009. नोंदवहीत निवृत्त झालेले, परदेशी गेलेले, वारलेलेही असतात, म्हणून त्यांतले 80 टक्के उपलब्ध आहेत असं धरलं. आले सुमारे 10 लाख 46 हजार. त्यांत आयुषचे, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे 5 लाख 65 हजार मिळवले. झाले 16 लाख 11 हजार. 834 ने गुणलं की साधारण 134 कोटी 40 लाख, म्हणजे धरलेली लोकसंख्या मिळते.

आता आयुषचे बाजूला ठेवून तीच लोकसंख्या 10 लाख 46 हजारांना वाटली, तर प्रमाण येतं 1,284 लोकांमागे एक. आयुर्वेदाच्या पदवीधरांना धरावं की नाही, यावर वाद घालता येईल. खेड्यापाड्यांत दवाखाना चालवणारा बहुतेकदा बीएएमएस डॉक्टरच असतो, हे कुणाही मराठी माणसाला माहीत आहे. पण सिझेरियन करायला तराण्याला कोण आहे, या प्रश्नाला 834 हा आकडा काहीच सांगत नाही. मुंबई-पुण्यात दर चौकात असलेले डॉक्टरही त्याच भागाकारात आले आहेत. आयुषचे 100 टक्के आणि ॲलोपॅथीचे 80 टक्केच का धरले, हा उपप्रश्न खरं तर त्याच दिवशी कुणीतरी विचारायला हवा होता.

7. उत्तर मिळाल्यावर

‘या बाबीचा विचार चालू आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’. सभागृहात मंत्र्यांच्या तोंडून अशी वाक्यं आली की ती हवेत विरत नाहीत. त्यांची नोंद आश्वासन म्हणून होते. त्यासाठी लोकसभेत सरकारी आश्वासनांची समिती आहे. पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळात, 1953 मध्ये ती नेमली गेली. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं, नाहीतर मुदत वाढवून मागायची आणि कारण द्यायचं. 15 सदस्यांची ही समिती सचिवांना बोलावून विचारू शकते. वर्तमानपत्रांत तिच्या बातम्या जवळजवळ येत नाहीत, आणि ही बातमीदारीतली उणीवच म्हणायला हवी. उत्तर अपुरं वाटलं, तर खासदाराला त्याच विषयावर अर्ध्या तासाची चर्चाही मागता येते.

तराण्याच्या डॉक्टरचा प्रश्न या सगळ्या शिदोरीवर कसा लिहावा? साधारण असा: राष्ट्रीय आरोग्य अभियानातून गेल्या तीन वर्षांत मध्य प्रदेशाला तज्ज्ञ डॉक्टरांच्या पदांसाठी किती निधी मंजूर झाला, त्यातला किती खर्च झाला, जिल्हावार, उज्जैन जिल्ह्यातल्या प्रत्येक सामुदायिक केंद्रात चार तज्ज्ञांपैकी किती जागेवर आहेत, आणि निधी पडून राहिला असल्यास केंद्राने त्यावर काय केलं. यात डॉक्टर ‘का नाही’ हा शब्दच नाही. उपरोध नाही, आरोप नाही. प्रत्येक तुकडा दिल्लीच्या वहीतला आहे. उज्जैनला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभं राहतं आहे, नोव्हेंबर 2024 मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. तिथल्या जागांना मान्यता देणारा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग केंद्राचा, त्यामुळे त्यावरही थेट विचारता येईल.

खासदार नसलेल्या माणसासाठी माहितीचा अधिकार आहे. 2005 च्या त्या कायद्यातल्या आठव्या कलमाला जोडून एक मोठं कामाचं वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. त्याच्या आधारे देवास गेटवर बसची वाट पाहणारा माणूस जिल्हा आरोग्य कार्यालयात अर्ज करून खासदाराच्या बरोबरीने उभा राहू शकत होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 याने त्याच कलमातलं खासगी माहितीबाबतचं उपकलम बदलून टाकलं आणि त्याबरोबर हे वाक्यही गेलं. रिकाम्या पदांची संख्या किंवा खर्चाचे आकडे यांना त्याची झळ लागू नये. पण कोणता डॉक्टर कोणत्या केंद्रावर नेमलेला आहे आणि तो महिन्यातून किती दिवस हजर होता, असं विचारलं, तर ‘वैयक्तिक माहिती’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवायची सोय आता कार्यालयाला मिळाली आहे.